पास्काकाळाचे मनन: ईस्टरनंतरचे पन्नास दिवस कसे घालवावेत

उपवासकाळाचे चाळीस दिवस बहुतेक घरांत नेमाने पाळले जातात. उपास होतात, क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानांची भक्ती) होते, गुड फ्रायडेला चर्चमध्ये उभे राहायला जागा नसते. ईस्टरच्या रविवारी एकमेकांना शुभेच्छा दिल्या जातात आणि सोमवारपासून सगळे पूर्वपदावर येते. प्रत्यक्षात पास्काकाळ उपवासकाळाहून मोठा आहे. ईस्टरचा रविवार हा पहिला दिवस धरला तर चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, स्वर्गारोहण येते आणि पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, स्वर्गारोहण ६ मे रोजी आणि पेंटेकॉस्ट १६ मे रोजी आहे. काही धर्मप्रांतांत स्वर्गारोहणाचा सण पुढच्या रविवारी साजरा होतो आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचे ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्या तारखेला येते. तेव्हा आपापल्या मंडळीचे कॅलेंडर पाहून वहीच्या पहिल्या पानावर या तीन तारखा लिहून ठेवा.

पुनरुत्थानाचे मनन दुःखसहनाच्या मननापेक्षा अवघड जाते, हे आधीच मान्य केलेले बरे. दुखणे, अपमान, विश्वासघात यांचा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी असतो. मेलेल्यांतून उठण्याचा नसतो. शिवाय तो क्षण कोणी पाहिलेला नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात भूकंप आहे, धोंडा लोटणारा देवदूत आहे. पण धोंडा सरकतो तेव्हा आतली जागा रिकामीच असते. तेव्हा डोळे मिटून 'प्रभू कबरेतून कसा उठला असेल' याचे चित्र रंगवत बसलात, तर दोन-तीन दिवसांत कंटाळा येईल. मननासाठी शुभवर्तमानांनी आपल्या हाती दिल्या आहेत त्या भेटी. आणि त्यातल्या बहुतेक भेटींत माणसे प्रभूला आधी ओळखत नाहीत. मग्दालिया मरीयेला तो माळी वाटतो, अम्माऊस या गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना परका वाटसरू वाटतो, खोलीत जमलेल्यांना भूत वाटते, सरोवरावर कोणी अनोळखी माणूस वाटतो. ओळख पटायला वेळ लागतो. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर बेतलेली आहे: उतारा थोडा, थांबणे जास्त.

बैठकीआधी

रोज अर्धा तास पुरेसा आहे. शक्यतो पहाटे बसा, कारण कबरेपाशी आणि सरोवराच्या काठी घडणारे प्रसंग उजाडतानाचे आहेत. अम्माऊसचा उतारा मात्र संध्याकाळी घ्या. त्यात 'दिवस उतरला आहे' असे वाक्य आहे आणि ते तिन्हीसांजेला वाचले की वेगळेच लागते.

प्रार्थनेची सुरुवात उभे राहून करा. ही जुनी रीत आहे. इ. स. ३२५ मधल्या निकिया येथील धर्मसभेने आपल्या विसाव्या नियमात रविवारी आणि ईस्टर ते पेंटेकॉस्ट या दिवसांत गुडघे न टेकता उभे राहून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ती रीत आजही टिकून आहे. चाळीस दिवस गुडघ्यांवर काढल्यानंतर शरीरालाही बदल जाणवला पाहिजे. पाय दुखत असतील तर खुर्चीत ताठ बसा, तळवे उघडे ठेवा. मनन सुरू झाले की सगळ्यांनीच बसायला हरकत नाही.

सोबत लागतात तीन वस्तू: शुभवर्तमान, वही आणि एक मेणबत्ती. कॅथलिक चर्चमध्ये पास्काची मोठी मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत मुख्य उपासनांत लावतात. घरच्या मेणबत्तीने तिची आठवण राहते. ती फक्त या अर्ध्या तासात लावा आणि उठताना विझवा, म्हणजे ती शोभेची वस्तू होऊन बसणार नाही. वात पाच-सहा मिलिमीटरहून लांब राहिली की काजळी धरते, म्हणून रोज लावण्यापूर्वी कापा. पंखा आणि पडदा यांपासून ती दूर हवी. बायबल छापील असलेले बरे. फोनवर वाचायला घेतलेला उतारा पाचव्या मिनिटाला कुणाच्या तरी निरोपात हरवतो.

अर्धा तास असा विभागावा

पहिली दोन मिनिटे उभे राहा, मेणबत्ती लावा आणि काही बोलू नका. श्वास आपोआप संथ होऊ द्या.

मग एक मागणे मागा. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेचा जो चार आठवड्यांचा क्रम आखला, त्यातला चौथा आठवडा पुनरुत्थानाचा आहे. त्यात मागायची कृपा अशी: ख्रिस्ताला लाभलेल्या महान गौरवाबद्दल आणि आनंदाबद्दल मला उत्कटतेने आनंद व्हावा. मागणे नीट पाहा. 'मला आनंदी कर' असे ते नाही. आनंद त्याचा, आणि त्यात मला वाटा हवा. ज्यांचे स्वतःचे दिवस वाईट चालले आहेत त्यांना हा फरक फार उपयोगी पडतो, कारण आनंदाचे नाटक वठवण्याची सक्ती उरत नाही.

पुढची तीन मिनिटे वाचन. उतारा पाच ते दहा ओव्यांचाच घ्या. एकदा मोठ्याने, नेहमीच्या वेगाने वाचा. दुसऱ्यांदा निम्म्या वेगाने. घरात कोणी झोपले असेल तर ओठ हलवून वाचा, पण नुसत्या डोळ्यांनी वाचू नका; सवयीच्या उताऱ्यावरून नजर घसरत जाते.

मधली पंधरा मिनिटे मननाची. येथे दोन वाटा आहेत. एक प्रसंगात शिरण्याची: जागा कशी आहे, उजेड किती, कोण कुठे उभे आहे, आवाज कोणते, आणि मी कुठे आहे. दुसरी शब्द धरून बसण्याची. बाराव्या शतकातले कार्थुसियन संन्याशांचे मठाधिपती दुसरे ग्विगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या, त्या वळणाची ही वाट. उताऱ्यातले जे वाक्य अडवते ते घ्यायचे आणि घोळवत राहायचे. कल्पनाशक्ती तल्लख असेल तर पहिली वाट निवडा. चित्रे दिसतच नसतील तर खट्टू होऊ नका, दुसरी धरा. थोमाचे 'माझा प्रभू व माझा देव' हे वाक्य श्वासाला चांगले बसते: आत घेताना 'माझा प्रभू', सोडताना 'माझा देव'. घाई न करता दहा-बारा वेळा म्हणा आणि मग शब्द सोडून द्या.

नंतर पाच मिनिटे बोला. मित्राशी बोलावे तसे, साध्या मराठीत. छापील प्रार्थनेची भाषा येथे आणू नका. शंका असेल तर शंका सांगा. मग दोन मिनिटे पुन्हा उभे राहून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणा, मेणबत्ती विझवा.

उरलेल्या तीन मिनिटांत वहीत तीनच ओळी लिहा: कोणती ओवी, मन कुठे अडले किंवा कुठे ऊब वाटली, आणि प्रभूला काय म्हणालो. चौथी ओळ लिहू नका. वहीचा निबंध झाला की दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मनन कमी आणि लिखाणाची तयारी जास्त होते.

एक उतारा जवळून: माळी समजलेला प्रभू

योहान २०:११–१८ घ्या. मरीया कबरेबाहेर रडत उभी आहे. वाकून आत पाहते तर दोन देवदूत, एक उशाशी, एक पायथ्याशी. इतर शुभवर्तमानांत देवदूत पाहून माणसे घाबरतात. येथे भीतीचा उल्लेखही नाही. तिला एकच विचारायचे आहे: माझ्या प्रभूला कुठे ठेवले? मग ती मागे वळते, येशूला पाहते, पण ओळखत नाही. 'बाई, का रडतेस? कोणाचा शोध करतेस?' असे तो विचारतो. या शुभवर्तमानात येशूच्या तोंडचे पहिलेच वाक्य पहिल्या अध्यायात आहे, तेही असेच: 'तुम्ही काय शोधता?' ती त्याला माळी समजून म्हणते, तुम्ही त्याला नेले असेल तर सांगा, मी घेऊन जाईन. एकटी बाई, एका पुरुषाचा देह, आणि 'मी घेऊन जाईन'. या वाक्यावर थांबा. प्रेम हिशेब करत नाही हे सांगायला येथे वेगळे वाक्य लागलेले नाही.

आता बारकावा. चौदाव्या ओवीत ती वळलेली आहे. तरी सोळाव्या ओवीत, 'मरीये' अशी हाक ऐकल्यावर, ती पुन्हा वळते. समोर बघत असलेले माणूस आणखी कुठे वळणार? टीकाकारांनी याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. मननासाठी हा प्रश्न तसाच उघडा ठेवलेला चांगला. पहिल्या वळण्यात डोळे वळले; दुसऱ्यात काय वळले, ते स्वतःच्या बाबतीत शोधा.

बैठकीत हे असे करा. पंधराव्या ओवीपर्यंत वाचा आणि पुस्तक मिटा. पाच मिनिटे तसेच बसा, समोर कोणी आहे आणि ओळख पटत नाही, अशा अवस्थेत. ही पाच मिनिटे अस्वस्थ जातात. लोक पटकन पुढे पळतात. पळू नका. मग सोळावी ओवी उघडा आणि 'मरीये'च्या जागी स्वतःचे नाव ऐका. कागदोपत्रीचे नाव नको. घरात ज्या नावाने हाक मारतात ते, आईच्या तोंडचे. उत्तर सुचले तर द्या, न सुचले तर मरीयेचे 'रब्बूनी', म्हणजे 'गुरुजी', पुरे.

सतरावी ओवी वगळू नका. मला धरून बसू नकोस, माझ्या भावांकडे जा, असे तो सांगतो. मननाच्या गोडीत रमून रोज वीस मिनिटे जास्त बसू लागलेल्यांनी ही ओवी आरशासारखी समोर ठेवावी.

आठवड्यांची वाटणी

कॅथलिक मिस्साच्या वाचनांत ईस्टरनंतरच्या आठ दिवसांतच जवळजवळ सगळी दर्शने येऊन जातात: मंगळवारी मरीया, बुधवारी अम्माऊस, शुक्रवारी सरोवराचा काठ, पुढच्या रविवारी थोमा. उपासनेसाठी हा क्रम सुंदर आहे. घरच्या मननाला तो फार वेगवान पडतो. म्हणून चर्चमध्ये ते सगळे ऐका आणि घरी तेच सावकाश, सात आठवड्यांत पसरून घ्या.

पहिला आठवडा रिकाम्या कबरेचा आणि मरीयेचा. योहान २०:१–१० मध्ये डोक्याला गुंडाळलेला रुमाल बाकीच्या तागाच्या वस्त्रांपासून वेगळा, गुंडाळून ठेवलेला आहे. मृतदेह चोरणारे इतका वेळ काढत नाहीत. मार्क १६:१–८ एक दिवस अवश्य घ्या. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान तिथेच संपते: स्त्रिया थरथर कापत पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. ईस्टरची पहिली प्रतिक्रिया भीती होती, हे वाचून ज्यांना आनंद 'येत नाही' त्यांना धीर येतो.

दुसरा आठवडा योहान २०:१९–२९. दारे बंद आहेत, तो मध्ये येऊन उभा राहतो, शांती देतो आणि लगेच हात व कूस दाखवतो. जखमा बुजलेल्या नाहीत. थोमाची भेट 'आठ दिवसांनी' झाल्याचे उताऱ्यातच आहे, म्हणून हा उतारा दुसऱ्या रविवारी वाचतात. या आठवड्यात स्वतःच्या एखाद्या जुन्या जखमेचे नाव वहीत लिहा आणि ती घेऊन या खोलीत बसा. तिचे काय करावे हे ठरवू नका. नुसते सोबत असू द्या.

तिसरा आठवडा अम्माऊसचा, लूक २४:१३–३५. या तेवीस ओव्या एका बैठकीत घेणे ही सर्वांत नेहमीची चूक. तीन तुकडे करा: १३–२४ चालणे आणि गाऱ्हाणे, २५–२७ शास्त्राचा उलगडा, २८–३५ घर आणि भाकर. एकेक तुकडा दोन दिवस, सातवा दिवस उजळणीला. पहिल्या तुकड्यात 'अशी आमची आशा होती' हे शब्द आहेत. 'होती' या भूतकाळावर थांबा आणि आपल्या कोणत्या आशेमागे 'होती' लागले आहे ते त्या वाटसरूला सांगा. तो मध्ये तोडत नाही, सगळे ऐकून घेतो. ही दर्शनकथा चालत मनन करायला उत्तम: अर्धा तास एकट्याने, कानात काही न घालता चाला आणि परतीच्या वाटेवर 'आमच्याबरोबर राहा' एवढेच म्हणत या. शेवटच्या तुकड्यात घेतली, आशीर्वाद दिला, मोडली, दिली अशी चार क्रियापदे आहेत. पुढच्या मिस्सेला किंवा प्रभुभोजनाला हीच चार ऐकू येतात का, याकडे लक्ष द्या.

चौथा आणि पाचवा आठवडा योहानाच्या एकविसाव्या अध्यायाला द्या. दोन आठवडेही कमी पडावेत असा तो अध्याय आहे. रात्रभर जाळे रिकामे, पहाटे काठावर कोणी उभा, मग एकशे त्रेपन्न मासे. आकड्याचा गूढार्थ शोधण्यात बैठक घालवू नका. त्यापेक्षा नवव्या ओवीतला कोळशांचा विस्तव पाहा. मूळ ग्रीकमध्ये त्याला 'अंथ्राकिया' असा शब्द आहे आणि संपूर्ण नव्या करारात तो दोनच ठिकाणी येतो. दुसरे ठिकाण योहान १८:१८: थंडीच्या रात्री महायाजकाच्या अंगणात पेटवलेला विस्तव, जिथे शेकत उभा असताना पेत्राने 'मी नव्हे' म्हटले. तोच वास, तीच ऊब, आणि आता तिथे भाजलेला मासा व भाकर. 'या, न्याहारी करा.' आधी खाऊ घातले, मग प्रश्न विचारला, आणि तीन नकारांच्या पुढ्यात तीन वेळा विचारला: 'माझ्यावर प्रीती करतोस काय?' अठराव्या आणि एकविसाव्या अध्यायांतल्या या दोन ओव्या एकामागून एक वाचा, मग डोळे मिटून फक्त विस्तव पाहा. स्वतःचे कोणते अंगण आठवते? त्याच अंगणात न्याहारी मांडलेली आहे, असे धरून बसा. पेत्राला खुलासा विचारला गेला नाही. तुम्हीही देत बसू नका. प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम सोपवले आहे, तेव्हा या आठवड्याच्या शेवटी आपल्या वाट्याची 'मेंढरे' कोण, त्यांतले एक नाव वहीत लिहा.

सहाव्या आठवड्याच्या सुरुवातीला पत्रे घ्या: करिंथकरांस पहिले पत्र १५:३–८, रोमकरांस ६:३–११, कलस्सैकरांस ३:१–४. करिंथकरांच्या पत्रात पौल आपल्याला मिळालेली साक्षीदारांची यादी पुढे सोपवतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी अकाली जन्मल्यासारखा तो स्वतः. यादीखाली आपल्याला विश्वास ज्यांच्याकडून मिळाला त्यांची नावे जोडा. गुरुवारी प्रेषितांची कृत्ये १:१–११.

शेवटचे नऊ दिवस, स्वर्गारोहणानंतरच्या शुक्रवारपासून पेंटेकॉस्टच्या आदल्या शनिवारपर्यंत, वाट पाहण्याचे आहेत. नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, मूळ याच नऊ दिवसांत सांगितले जाते. प्रेषितांची कृत्ये १:१२–१४ हाच उतारा नऊही दिवस ठेवा आणि 'ये, पवित्र आत्म्या' हे एकच मागणे. या दिवसांत नवे काही वाचू नका.

प्रकाशाची वाट

क्रुसाच्या वाटेसारखीच चौदा स्थानांची ही भक्ती विसाव्या शतकाच्या अखेरीस सालेशियन या कॅथलिक धर्मसंघाच्या परिवारातून पुढे आली आणि व्हॅटिकनच्या २००१ सालच्या लोकभक्तीविषयक मार्गदर्शिकेत तिची शिफारस आहे. रूढ क्रम असा: प्रभू उठतो (मत्तय २८:१–७), शिष्यांना रिकामी कबर दिसते (योहान २०:१–९), मरीयेची भेट, अम्माऊसची वाट, भाकर मोडणे, शिष्यांना दर्शन (लूक २४:३६–४९), पापक्षमेचा अधिकार (योहान २०:१९–२३), थोमा, सरोवराचा काठ, पेत्राला दिलेली जबाबदारी, सर्व राष्ट्रांकडे पाठवणी (मत्तय २८:१६–२०), स्वर्गारोहण, येशूची आई मरीया हिच्यासह वाट पाहणे, आणि आत्म्याचे येणे (प्रेषितांची कृत्ये २:१–१३).

गटाने करायची असेल तर प्रत्येक स्थानाला चार मिनिटे धरा, म्हणजे तासाभरात संपते: वाचन एक मिनिट, शांतता दीड मिनिट, छोटी प्रार्थना, गाण्याचे एक कडवे आणि पुढे चालणे. वेळ नेहमी बिघडते ती प्रवचनाने. प्रत्येक स्थानाला कोणी 'दोन शब्द' बोलू लागले की सव्वा तास, दीड तास होतो आणि नवव्या स्थानापासून लोक घड्याळ पाहू लागतात. शांततेचा दीड मिनिट मोजायला एकाला नेमा, कारण वाचणाऱ्याला वीस सेकंदही फार वाटतात. दोन वाचक ठेवा, लांब उतारे छाटा. वाट अंधाऱ्या टोकाकडून उजेडाकडे आखा. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी किंवा वेदीशी संपली तर उत्तम. बाहेर काढत असाल तर मेणबत्त्यांना काचेची किंवा कागदी आडोशाची सोय करा आणि चौथ्या, आठव्या, बाराव्या स्थानाशी खुर्च्या ठेवा. एकट्याने करायची तर रोज दोन स्थाने, आठवड्यात पूर्ण.

चित्रापुढे बसायचे असेल तर

पूर्वेकडच्या परंपरेतली पुनरुत्थानाची प्रतिमा कबरेतून बाहेर पडणारा ख्रिस्त दाखवत नाही; तो अधोलोकात उतरून आदाम आणि हव्वा यांना वर ओढताना दिसतो. इस्तंबूलच्या पूर्वीच्या खोरा चर्चमधले (आता ती मशीद आहे) चौदाव्या शतकातले भित्तिचित्र हा तिचा सर्वांत गाजलेला नमुना. चांगली छापील प्रत डोळ्यांच्या पातळीवर, हातभर अंतरावर ठेवा आणि तळापासून वर पाहत जा. खाली काळोख, त्यात विखुरलेली कुलुपे, कड्या, खिळे. त्यावर पडलेली नरकाची दारे. मग ख्रिस्ताचे पाय, रुंद पावलात टाकलेले. मग हात: त्याने आदामाचा तळवा धरलेला नाही, मनगट धरले आहे. तळवा धरला तर दोघांना पकडावे लागते. मनगट धरले की ओढणाऱ्याच्या ताकदीवर काम होते. येथे पाच मिनिटे थांबा. चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी या.

रोजच्या छोट्या सवयी

कॅथलिक परंपरेत पास्काकाळात देवदूताच्या प्रार्थनेऐवजी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी 'स्वर्गाच्या राणी, आनंद कर, आलेलूया' ही प्रार्थना म्हणतात, उभे राहून. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ मध्ये हा नेम घालून दिला. एक मिनिटाचे काम आहे; विसरायला होते ते सवयीमुळे, म्हणून प्रार्थनापुस्तकात जुन्या पानावर चिठ्ठी चिकटवा. जपमाळेत गौरवाची रहस्ये घेताना 'येशू' या नावाला त्या रहस्याचे छोटे वाक्य जोडता येते: '...येशू, ज्याने मरीयेला नावाने हाक मारली'. दहा मण्यांना एकच वाक्य ठेवा.

प्रॉटेस्टंट घरांत कुटुंबप्रार्थनेला स्तोत्र ११८ आठवड्यातून दोनदा आळीपाळीने वाचा, एक ओळ एकाने, पुढची सगळ्यांनी. 'ख्रिस्त उठला आहे' आणि 'तो खरोखर उठला आहे' हा जुना अभिवादनाचा प्रकार तर कुठल्याही मंडळीत चालतो. सकाळी घरात पहिला शब्द तोच ठेवून पाहा. मुलांना उत्तर द्यायचा भाग द्या, ती आठवण करून देतात.

बिघडते कुठे

चार शुभवर्तमानांचा मेळ घालणे हा पहिला सापळा. मत्तयात एक देवदूत, मार्कात एक तरुण, लूकात दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. प्रश्न खरा आहे, अभ्यासाच्या वेळी जरूर घ्या. बैठकीत एका वेळी एकाच लेखकाचे ऐका. पुराव्यांची वकिली मनात सुरू झाली तर मनन संपले म्हणून समजा.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास कोरडेपणा येतो. सुरुवातीचा सण ओसरलेला असतो आणि शेवट लांब असतो. अशा वेळी नवा उतारा शोधू नका. वही चाळा, जिथे ऊब वाटली किंवा जिथे मन अडून बसले अशी एक ओवी निवडा आणि तीन दिवस तिथेच परत जा. अडलेली जागा बहुधा जास्त देऊन जाते.

कल्पनाचित्र फार रंगले, प्रभू उताऱ्यात नसलेली लांबलचक वाक्ये बोलू लागला, तर ती आपली कल्पना आहे हे शांतपणे ओळखा आणि ओवीकडे या. त्यावरून निर्णय घेऊ नका, कोणाला संदेश तर मुळीच देऊ नका. शंका राहिली तर फादरांशी किंवा पाळकांशी बोला.

झोप येत असेल तर उभे राहा आणि डोळे उघडे ठेवून मेणबत्तीकडे पाहा. एखादा दिवस चुकला तर तो चुकला. दुसऱ्या दिवशी तासभर बसून भरपाई केली की आठवडाभरात नेम मोडतो.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवा. मरीयेच्या उताऱ्यातली पहिली ओवी, 'रडत उभी', एवढीच रोज घ्या. तिला कोणी 'रडू नकोस' असे म्हटलेले नाही. 'का रडतेस' असे विचारले आहे. त्या प्रश्नाला रोज खरे उत्तर द्या आणि सोळाव्या ओवीपर्यंत पोहोचण्याची घाई करू नका. पेंटेकॉस्ट आला तरी चालेल.

पन्नासाव्या दिवशीच्या बैठकीत नवे वाचन नाही. वही पहिल्या पानापासून वाचा. तीनपेक्षा जास्त वेळा आलेली ओवी अधोरेखित करा, ती एका चिठ्ठीवर लिहा आणि बायबलात ठेवा. पुढचे काही महिने रविवारच्या मननाला ती घ्यायची. मेणबत्तीचा उरलेला तुकडा टाकू नका, घरात कोणाच्या बाप्तिस्म्याचा वाढदिवस आला की तो लावा.